बिल कुठे ठेवलंय?

17 नोव्हेंबर 2025 च्या रात्री माझ्या मुलाच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आधी हिरवे-जांभळे चौकोन उमटले आणि मग पडदा काळा झाला. पंखे फिरत होते, चित्र नव्हतं. त्याने ग्राफिक्स कार्ड काढून पुसून परत बसवलं, केबल बदलली, दुसऱ्या दिवशी मित्राच्या मशीनमध्ये लावून पाहिलं. कार्ड गेलं होतं. मी पोळ्या लाटता लाटता विचारलं, “वॉरंटीत आहे ना?” तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आई, बिल कुठे ठेवलंय?”

बिल सापडलं. थर्मल कागदावरचं, पार पुसट झालेलं. ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं तेव्हा कुठे तारीख वाचता आली: 22 ऑक्टोबर 2022, धनत्रयोदशी. तीन वर्षांची वॉरंटी नेमकी 2025 च्या लक्ष्मीपूजनाला संपली होती. वर 27 दिवस गेले होते.

खरं दुःख याच्याही पुढचं. खरेदीनंतर 30 दिवसांत कंपनीच्या साइटवर नोंदणी केली असती तर तीच वॉरंटी पाच वर्षांची झाली असती. खोक्यावर तसं छापलं होतं, मी आता ते चष्मा लावून वाचलं. त्या महिन्यात इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या फेऱ्या चालल्या होत्या, घरात कुणाला कसली शुद्ध नव्हती. कंपनीला आम्ही विनंतीची मेल केली, त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण चूक आमची होती.

पालकहो, मी काही तुम्हाला कॉम्प्युटर शिकवायला बसलेली नाही. मी ठाण्याला एका ऑफिसात हिशेब बघते आणि डोंबिवलीला राहते. पण लॉकडाऊननंतर ठाण्यापासून कल्याणपर्यंत कितीतरी घरांत ‘ग्राफिक्स कार्ड’ हा शब्द शिरलाय, आणि बहुतेक आई-बाबा तो ऐकून एकतर रागावतात, नाहीतर गुपचूप पैसे देतात. मी दोन्ही करून पाहिलंय.

आधी हे सांगते की कार्ड करतं काय. पडद्यावरचा एकेक ठिपका कोणत्या रंगाचा असावा, याची हजारो छोटी गणितं ते एकाच वेळी सोडवतं. गेम त्यावर चालतात, थ्रीडी चित्रं त्यावर बनतात, आणि यंत्राला शिकवायची आजची गणितंही त्याच जातीची असल्यामुळे तीही त्यावरच चालतात. म्हणूनच मुलं सांगतात, “एआयसाठी पाहिजे.”

इथे जरा थांबू या. अकरावीतल्या मुलाला कार्ड एआयसाठी पाहिजे नसतं. गेमसाठी पाहिजे असतं. आमच्या वेळी आम्ही ‘ग्रुप स्टडी’ला जातो सांगून ठाण्याच्या तलावपाळीवर फिरलोच की! मुलगा खोटं बोलतो, कारण ‘गेम’ हा शब्द आपण घरात शिवीसारखा करून ठेवलाय. 2021 मध्ये मी त्याला सरळ म्हटलं, “गेमसाठी हवं असेल तर गेमसाठी म्हण. मग बोलू.” तो म्हणाला, गेमसाठी. एवढ्याने आमचं निम्मं भांडण मिटलं, कारण आता प्रश्न उरला तो फक्त कधी आणि कितीचं, याचा. तो तर मला रोज भाजी बाजारात पडतो.

त्या वर्षी बाजाराला वेड लागलं होतं. त्याला हवं होतं ते एनव्हिडियाचं आरटीएक्स 3060. फेब्रुवारी 2021 मध्ये आलं, जाहीर किंमत 329 डॉलर. दुकानदार मात्र त्याच्या दुपटीहून जास्त सांगत होते, तेही “आहे का बघतो” म्हणत. जगभर लोक ही कार्डं ढिगाने लावून आभासी नाणी काढत होते, शिवाय चिपचा तुटवडा होता. मुलाने वहीत दर रविवारी भाव लिहून ठेवायला सुरुवात केली. मला वाटलं होतं, महिन्याभरात कंटाळेल. दीड वर्ष लिहीत होता. 2022 च्या सुरुवातीपासून आकडे उतरायला लागले. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या आभासी नाण्याने कार्डांवर चालणारी नाणी काढायची पद्धतच बंद केली आणि मग जुन्या कार्डांचा नुसता पूर आला. आमच्याच बिल्डिंगमधल्या एकाने तसलं सेकंड हँड कार्ड घेतलं, ‘विक्रेत्याची वॉरंटी सहा महिने’ या तोंडी शब्दावर. वॉरंटी संपायच्या आधी विक्रेत्याचा फोन बंद झाला.

आम्ही मग धनत्रयोदशीच्या शनिवारी मुंबईत, कॉम्प्युटरच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण ते नाव घेऊन विचारलं तर कुणी रस्ता सांगत नाही. दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरायचं. रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात. आणि खोकं घेऊन संध्याकाळी डोंबिवली फास्टमध्ये तर मुळीच चढू नका. तिथे एक प्रश्न हमखास येतो: “बिलाने देऊ का बिनबिलाने?” कार्डावर 18 टक्के जीएसटी आहे, मूळ किंमत 30,000 असेल तर 5,400 रुपये. वाचवावेसे वाटतातच. पण बिनबिलाच्या कार्डाची वॉरंटी मागायला जाल तेव्हा तुमच्या हातात नुसता पत्र्याचा तुकडा असतो. बिल घ्याच, आणि त्यावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या. खोक्यावरचा नंबर, कार्डावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर तिथेच काउंटरवर जुळवा. सोनाराकडे वजन बघतोच ना आपण!

तर कार्ड गेलं, आणि नोव्हेंबरमध्ये तोच जुना प्रश्न परत दारात उभा राहिला. या खेपेला मी पक्की होते. म्हटलं, मागच्या वेळी थांबलो म्हणून फायदा झाला, आताही थांबू. मुलगा म्हणाला, “आई, या वेळी उलटं आहे.”

त्याचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं. 2021 ची महागाई गर्दीने आणली होती आणि गर्दी कधीतरी पांगते. आता डेटा सेंटरवाले मेमरीच्या चिपाच उचलून नेतायत. 2025 च्या शेवटी रॅमचे भाव झपाट्याने चढले. 3 डिसेंबरला मायक्रॉनने जाहीर केलं की घरगुती ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँड ते बंद करणार. कार्डावरही मेमरी असतेच, तेव्हा ही झळ तिथपर्यंत येणारच. मेमरीचा कारखाना दोन-चार महिन्यांत उभा राहत नाही. शिवाय या वेळी ‘एआयसाठी’ हे खरंच खरं होतं. शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट मशीन लर्निंगचा.

तरी मी लगेच हो म्हटलं नाही. गूगल कोलॅबवर फुकटात ग्राफिक्स कार्डाचा वेळ मिळतो, हे मला त्यानेच पूर्वी सांगितलं होतं. तीन आठवडे त्यावर काम करून दाखव, म्हटलं. त्याने केलं. चालतं, पण मधेच जोडणी तुटते, रात्रभर लावून ठेवता येत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये रांग. म्हणजे गरज होती, आणि ती आजची होती. तुम्हालाही हेच सुचवीन: मुलगा-मुलगी ‘शिकायला कार्ड हवं’ म्हणत असेल तर आधी फुकटातल्या सोयीवर महिनाभर काम होऊ द्या. ज्याला खरंच शिकायचंय तो त्यावरही शिकतो, आणि कुठे अडतं ते तुम्हाला नेमकं सांगू शकतो. ज्याला तेही सांगता येत नाही, त्याच्या कार्डाला घाई नाही.

नवीन आलं की थांबावं, येणार असलं की थांबावं, असंही पुष्कळजण सांगतील. 3060 नंतर 4060 आलं जून 2023 मध्ये, 5060 मे 2025 मध्ये. म्हणजे साधारण दोन-सव्वादोन वर्षांचा फेरा. पण नवीन म्हणजे सगळंच जास्त, असं नसतं. 3060 मध्ये 12 जीबी मेमरी होती, 4060 मध्ये 8 जीबी. गेम खेळणाऱ्याला नवीन बरं, प्रोजेक्टवाल्याला कधीकधी जुनंच बरं. दिवाळी सेल आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’ यांवर तर तारीख ठरवूच नका. त्या ईएमआयमध्ये बँक व्याज लावतेच. ते सवलतीत वळतं करतात आणि व्याजावरचा जीएसटी आपल्याकडूनच घेतात.

आता वॉरंटी. हे मात्र मी स्वतः बसून केलं, कारण हात पोळला होता. त्याने दोन-तीन कंपन्यांची वर्षं एका कागदावर लिहून आणली: इकडे तीन, तिकडे पाच. मी म्हटलं, नुसती वर्षं बघू नकोस. मिक्सर घेताना मोटरला पाच वर्षं असतात आणि भांड्याला, ब्लेडला काय असतं ते कुणी विचारत नाही. इथे विचारायचं ते असं: वर्षं मोजायची कधीपासून, बिलाच्या तारखेपासून की कार्ड बनल्याच्या तारखेपासून? सिरियल नंबरवरून मोजत असतील तर दुकानात सहा महिने पडून राहिलेल्या कार्डाचे सहा महिने आपण फुकट घालवतो. नोंदणी लागते का, किती दिवसांत? बिघडल्यावर नेऊन द्यायचं कुठे? हातोहात देता येतं की कुरियर करायचं, आणि कुरियरचा खर्च कुणाचा? बदली मिळणारं कार्ड नवं की दुरुस्त केलेलं? बदली कार्डाला सहसा नव्याने वॉरंटी मिळत नाही, जुनीच उरलेली चालते. हेही आधीच माहीत असलेलं बरं.

वॉरंटीत काय बसत नाही ते तर बारीक अक्षरात असतं. जळलेलं, तुटलेलं, पाणी गेलेलं आणि गंजलेलं. या शेवटच्या शब्दाशी आपल्या भागातल्या माणसाने थबकावं. खाडीचा वारा, चार महिने पाऊस, आणि 2014 साली ज्या डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला तिथली प्रदूषित हवा. कॉम्प्युटर खिडकीशी ठेवलात तर कार्डाच्या पट्टीला गंज धरतो आणि तो बघून दावा नाकारला जाऊ शकतो. आमच्याकडे कॉम्प्युटर आता आतल्या भिंतीशी गेलाय, मी तिथला पाळणाघरापासूनचा खेळण्यांचा खोका काढून जागा केली. वीज जाते-येते, तेव्हा कॉम्प्युटरला वीज पुरवणारा एसएमपीएस बरा घ्या. तीस हजारांच्या कार्डाला हजार रुपयांचा एसएमपीएस लावणं म्हणजे पैठणीला सेफ्टी पिन लावून धागे ओढून घेणं.

अमेरिकेतला मामा येताना आणतो म्हणाला होता. प्रेमाने म्हणाला, पण तिथल्या कार्डाची वॉरंटी बहुतेक वेळा इथे चालत नाही. बिघडलं तर परत पाठवायचं त्याच्याकडेच. नको म्हटलं.

मग मुलाला एक काम लावलं: विकत घ्यायच्या आधी प्रत्येक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन कर आणि गिऱ्हाईक असल्यासारखं विचार, किती दिवस लागतात. एका ठिकाणी दोन दिवस कुणी उचललाच नाही. ते नाव कागदावरून खोडलं, किंमत सगळ्यात कमी असूनही. दुसरीकडच्या बाईंनी नीट सांगितलं: बिल आणा, खोकं असलं तर बरं, इतके दिवस धरून चाला. तिथलं घेतलं, दीड हजार जास्त देऊन. कंपनी दाद देत नसेल तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आणि 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला ठाण्यातच. पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही. पण त्यासाठीही पहिला कागद लागतो तो बिलाचाच.

कल्याणला एकजण जुनं कार्ड ‘चिप लेव्हल’ला दुरुस्त करून देतो म्हणाला होता, चाललं तर चाललं या बोलीवर. तो नाद केला नाही. ते अजून माळ्यावर आहे.

डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही परत लॅमिंग्टन रोडला गेलो. या वेळी नोंदणी त्याने घरी पोचेपर्यंतही ठेवली नाही. ग्रँट रोडच्या फलाटावर खोकं मांडीवर घेऊन, बिलाचा फोटो चढवून तिथेच करून टाकली. दोन गाड्या सोडल्या. बिलाच्या दोन झेरॉक्स काढल्या, एक त्याच्या फायलीत आणि एक माझ्याकडे गॅसच्या पुस्तकाशेजारी.

तुमच्या घरातलं शेवटचं मोठं बिल थर्मल कागदावर असेल, तर आज रात्रीच त्याचा फोटो काढून ठेवा.