नकोशी कामे कोणी करावी?

पहाट सरते न सरते तोच वसई-विरारच्या रस्त्यांवरून घंटागाडी फिरू लागते. वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या नगरपालिका व आसपासची गावे मिळून २००९ साली येथे महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतीत या शहरात बारा लाखांहून अधिक माणसे होती. एवढ्या घरांतील उष्टे-खरकटे आणि केरकचरा रोज उचलला जातो व गोखिवऱ्याच्या कचराभूमीकडे रवाना होतो. गाडी चार दिवस आली नाही, तरच तिची आठवण होते!

अलीकडे विद्वान लोक एका निराळ्या काळाचे चित्र रंगवितात. त्या काळी यंत्रे सर्व श्रम करतील. पोटासाठी कोणालाही काम करावे लागणार नाही. मग गटारे कोण उपसणार? हा प्रश्न नवा नव्हे. अमेरिकन लेखक एडवर्ड बेलामी याने १८८८ साली आपल्या कादंबरीत एक तोड सुचविली होती : काम जितके कष्टाचे व नावडते, तितके त्याचे तास कमी ठेवावे, म्हणजे लोक ते आपण होऊन पत्करतील. कल्पना मोठी चतुर खरी. आपल्या देशाने मात्र शतकानुशतके याहून सोपे व निर्दय उत्तर दिले. ती कामे जन्मानेच काही जातींच्या माथी मारली आणि वर त्यांनाच अस्पृश्य ठरविले.

या कामात नुसती घाण नसते, प्राणघातक धोकाही असतो. बंद टाकीत मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचतो. थोडा असता तो कुजक्या अंड्यासारखा वास देतो. परंतु फार साचला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. त्यामुळे उतरणाऱ्यास धोका कळत नाही, आणि एक कोसळला की त्याला वाचवावयास गेलेला दुसराही कोसळतो. एप्रिल २०२४ मध्ये विरार येथे सांडपाण्याची एक खासगी टाकी साफ करताना चार कामगार गुदमरून मृत्युमुखी पडले. संरक्षक साधनांवाचून माणसास अशा टाकीत उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. केरळात तर २०१८ पासून गटार उपसणारा यंत्रमानवही वापरात आला. म्हणजे कायदा आहे, यंत्रही आहे. तरी माणूस उतरतोच, कारण त्याची मजुरी यंत्राहून स्वस्त पडते.

या प्रश्नाला कोकणात एका माणसाने आपल्या हातांनी उत्तर दिले. सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन हे उच्चविद्याविभूषित गृहस्थ. गांधीजींची आत्मकथा मराठीत आणली ती त्यांनीच. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम मागितले. सवर्ण कैद्याला ते काम देता येत नाही, असे उत्तर आले. अप्पासाहेबांनी अन्नत्याग आरंभिला. येरवड्यास बंदिवासात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी डिसेंबरमध्ये उपोषण सुरू केले. सरकारने फेरविचाराचे आश्वासन दिले, तेव्हाच ते सुटले. तुरुंगात मिळत असलेली सवलत नाकारून संडास साफ करण्याचा हक्क मागणारा कैदी अधिकाऱ्यांनी क्वचितच पाहिला असेल.

तथापि केवळ हाती झाडू घेतल्याने काम सुसह्य होत नाही, हे अप्पासाहेब ओळखून होते. १९४८ साली त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापिला. मेलेल्या गुरांची कातडी सोलून कमावण्याचे कामही तेथे होई. तेथेच त्यांनी संडासाची एक साधी रीत बसविली. मैल्यावर दर वेळी माती आणि पालापाचोळा टाकावयाचा. एक कप्पा भरला की तो तसाच मुरू द्यावयाचा व दुसरा वापरावयाचा. पुरेसे दिवस गेले की आतल्या मैल्याचे सोनखत होई. शेतकरी ते पाटीत भरून शेतात नेत.