नदीतील डिडिमो : आकार बदलला तरी ओळख कशी पटवावी?

शेततळ्यातील दगडांवर तपकिरी थर दिसला की मोरचूद टाकण्याकडे आपला कल असतो. परंतु आधी ओळख, मग उपाय हा तणांचा नियम शेवाळालाही लागू पडतो. न्यूझीलंडमधील डिडिमोचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

डिडिमो, म्हणजेच डिडिमोस्फेनिया जेमिनाटा, ही गोड्या पाण्यातील एकपेशीय करंडक वनस्पती (डायटम) होय. ती मूळची उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशातील. २००४ साली ती न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील नदीत आढळली आणि पुढे तेथील अनेक नद्यांत पसरली.

आकार का बदलतो?
डायटमची पेशी सिलिकाच्या डबीत असते. एक भाग तळ, दुसरा झाकण. विभाजनाच्या वेळी प्रत्येक भाग झाकण बनतो व आत नवा तळ तयार होतो. त्यामुळे एक पेशी मूळ आकाराची, तर दुसरी किंचित लहान होते. अशा अनेक पिढ्यांनंतर लैंगिक प्रजननाने पुन्हा मोठी पेशी तयार होते. म्हणून एकाच नमुन्यात लांब, बाटलीसारख्या पेशी व आखूड, जाडसर पेशी एकत्र दिसतात. त्या निरनिराळ्या जाती समजू नयेत. एका पेशीवरून निष्कर्ष न काढता अनेक पेशी तपासाव्यात.

ओळखीच्या खुणा
१) सूक्ष्मदर्शकाखाली : दोन्ही टोके फुगीर पण असमान, मध्यभाग फुगीर व त्याच्या एका बाजूस ठळक ठिपके. पेशी आकाराने मोठी, साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास.
२) हाताला : बुळबुळीत नव्हे, तर ओल्या कापसासारखा किंवा लोकरीसारखा स्पर्श.
३) रंग : तपकिरी, पिवळसर ते पांढरट. हिरवेगार शेवाळ म्हणजे डिडिमो नव्हे.

दगडावरील जाड थर मुख्यत्वे पेशींच्या देठांचा असतो. पाण्यात स्फुरद अत्यल्प असल्यास हे देठ अधिक वाढतात. म्हणजे ही वाढ खतांच्या निचऱ्यामुळे होते असे मानणे चुकीचे ठरेल.

प्रतिबंध
नदीत एकदा स्थिरावलेला डिडिमो काढून टाकणे व्यवहार्य नाही. ओल्या बुटांतून, जाळ्यांतून तो दुसऱ्या नदीत जातो. म्हणून न्यूझीलंडमध्ये साहित्य तपासणे, भांडी धुण्याच्या साबणाच्या ५ टक्के द्रावणाने धुणे आणि पूर्ण कोरडे झाल्यावर आणखी ४८ तास वाळविणे, अशी शिफारस केली गेली.

आपल्यासाठी बोध
डिडिमोला थंड, स्वच्छ, वाहते पाणी मानवते. आपले उबदार, साचलेले शेततळे नव्हे. तेथील तपकिरी थर बहुधा इतर डायटमचा असतो व तो माशांचे नैसर्गिक खाद्य ठरतो. मोरचूद जास्त झाल्यास मासे मरतात. तेव्हा शंका आल्यास थराचा थोडा भाग त्याच पाण्यासह स्वच्छ बाटलीत घेऊन जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात दाखवावा व नंतरच उपाय योजावा. एका तळ्यातील जाळे दुसऱ्या तळ्यात नेण्यापूर्वी धुऊन, वाळवून घ्यावे.