कोर्टाची तारीख का लांबते?

गावात कुणाचा बांधाचा दावा चालू असला की एक बोलणे नेहमी कानावर येते : "गेलो होतो, पण पुन्हा तारीख पडली." एसटीचे भाडे गेले, दिवसाचा रोजगार बुडाला आणि काम होते तिथेच राहिले. असे का होते, ते आज आपण समजून घेऊ.

तालुक्याच्या दिवाणी कोर्टात रोज कामांची एक यादी लागते. तिला बोर्ड म्हणतात. त्या दिवशी ज्यांची तारीख आहे, त्या सगळ्या दाव्यांचे नंबर त्यात असतात. आता थोडा हिशेब करू. समजा, बोर्डावर 60 कामे आहेत. न्यायाधीश 5 तास बसले, म्हणजे 300 मिनिटे झाली. एका कामाच्या वाट्याला आली 5 मिनिटे! आणि एका साक्षीदाराची उलटतपासणीच कधी दोन तास चालते. मग सगळ्यांचे काम एका दिवसात कसे व्हावे?

तुम्ही म्हणाल, मग इतकी कामे लावायचीच कशाला? दहाच लावावीत. पण पाहा, त्या दहांतल्या एकात समन्स पोचलेलेच नसते. दुसऱ्यात साक्षीदार आजारी पडतो. तिसऱ्यातले वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले असतात. चौथ्यात दोघे भाऊ आदल्या रात्रीच तडजोड करून येतात. (असे झाले तर चांगलेच की!) दुपारपर्यंत बोर्ड रिकामा होतो. म्हणून थोडी जास्त कामे लावावी लागतात. फार लावली तर माणसांना हेलपाटे पडतात. फार थोडी लावली तर कोर्टाचा वेळ फुकट जातो.

जाणता न्यायाधीश यातून वाट काढतो. नुसते कागद द्यायची कामे सकाळीच पुकारून उरकतो. साक्षीपुराव्याची थोडीच कामे ठेवतो, पण त्यांना पुरता वेळ देतो. जुन्या दाव्यांना आधी हात घालतो. आम्हाला वाटते, साक्षीदार खेड्यातून आला असेल तर त्याची साक्ष त्याच दिवशी व्हावी. कायद्याचेही म्हणणे तसेच आहे. सुनावणी सुरू झाली की हजर साक्षीदार संपेपर्यंत काम रोज चालवावे, असे 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिले आहे. पण रोजच्या रगाड्यात ते नेहमी पाळले जात नाही.

तारीख वाढवून मागण्यालाही मर्यादा आहे. दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तारीख वाढवून देऊ नये, असा नियम 2002 सालापासून आहे. फारच मोठी अडचण असेल तर गोष्ट वेगळी. तारीख मागणाऱ्याला दुसऱ्या बाजूचा खर्चही कोर्ट भरायला लावते. समोरचा उगाच तारखा घेत असेल, तर आपल्या वकिलांना हरकत घ्यायला सांगावे. गप्प बसू नये.

आपली स्वतःची तारीख मात्र चुकवू नये. पुकारा झाला, प्रतिवादी हजर आणि वादीकडून कोणीच नाही, तर दावा काढून टाकतात. तो पुन्हा चालू करायला 30 दिवसांत अर्ज द्यावा लागतो आणि न येण्याचे खरे कारण सांगावे लागते. प्रतिवादी आला नाही, तर काम एकतर्फी चालते. प्रत्येक दाव्याला सोळा अक्षरे-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो. तो वहीत लिहून ठेवावा. घरात मोबाईल असला तर त्या नंबरावरून पुढची तारीख पाहता येते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. दावा चालू असताना वादी किंवा प्रतिवादी वारला, तर त्याच्या वारसांची नावे दाव्यात लावावी लागतात. त्यासाठी मुदत 90 दिवसांची. ती चुकली तर त्या माणसापुरता दावा संपतो. पुढच्या 60 दिवसांत अर्ज करून तो जिवंत करून घेता येतो, पण उशिराचे कारण कोर्टाला पटावे लागते. घरातला कर्ता गेला की कोर्ट कुणाला आठवणार? तरी दिवसकार्य आटोपले की मृत्यूचा दाखला घेऊन वकिलांकडे जावे. हा दाखला खेड्यात ग्रामपंचायतीतून मिळतो.