आईची खोली तळमजल्यावरच घे

अगं, आईला नारायणगडाला नेतेयस हे ऐकून फार बरं वाटलं. गुडघे गेल्यापासून पंढरपूरची वारी तिच्या आवाक्याबाहेरच गेली. निदान आपल्या बीडची धाकटी पंढरी तरी तिला डोळे भरून पाहू दे. गडावर तिला हात द्यायला चार माणसं आपणहून पुढे येतील, त्याची मला काळजी नाही. मला काळजी आहे ती बीडच्या लॉजवरच्या रात्रीची.

तू म्हणालीस, खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, पण लिफ्ट आहे. बाई गं, आग लागली की लिफ्ट आपली राहत नाही. वीज जाते किंवा बंद करतात, लिफ्टच्या पोकळीतून धूर भराभर वर चढतो आणि माणूस आत अडकतो. मग वॉकर धरून चालणाऱ्या आईला अंधारात तीन मजले उतरवणार कोण? तळमजल्यावरची खोली कोंदट असली, रस्त्याचा आवाज येत असला, तरी तीच घे. नसेल तर लॉज बदल. या एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे.

उगाच घाबरवत नाहीये. 12 फेब्रुवारी 2019 च्या पहाटे दिल्लीत करोलबागच्या हॉटेल अर्पित पॅलेसला आग लागली आणि 17 जण गेले. त्यांतले बरेचसे धुराने गुदमरले. आपल्या शेजारच्या नगरला 2021 च्या भाऊबीजेला जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली, तेव्हा किमान 11 रुग्ण दगावले. ती खाटेवरून स्वतः उठू न शकणारी माणसं होती. ज्याला धावता येत नाही, त्याची सोय आधी करून ठेवावी लागते, गं.

पोचल्यावर सामान लावण्याआधी जिना बघून ये. पुष्कळ लॉजमध्ये मागचा जिना असतो, पण त्यावर जुन्या गाद्या, मोडक्या खुर्च्या, पाण्याचे जार रचलेले असतात. दाराला कुलूप असतं, आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नसतं. रात्री पुढचं जाळीचं शटर ओढून पोरगा काउंटरमागे झोपतो. त्याला आधीच सांग, ‘आमच्या आईला चालता येत नाही, काही झालं तर पहिल्यांदा आमच्या खोलीशी या.’ शटरची किल्ली कुठे असते, तेही विचारून घे.

झोपताना वॉकर, चष्मा, चपला तिच्या हाताशी, खोलीची किल्ली नेहमी एकाच जागी. दाराची कडी तिला अंधारात काढता येते का, ते एकदा तिच्याकडूनच करून घे. खोलीत उदबत्ती, निरांजन लावू देऊ नकोस. देवाला हात जोडले तरी पोचतात. पाणी तापवायचा रॉडही पिशवीतून काढून ठेव.

धूर दिसलाच तर आधी आरडाओरडा करून माणसं उठव आणि 101 ला फोन लाव, नाही लागला तर 112. दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू लावून बघ. गरम लागलं तर उघडू नकोस. फटीत ओला टॉवेल कोंब, आईला खिडकीशी बसव, चादर हलवून लोकांना खूण कर. वाट मोकळी असेल तर तिच्या चालण्याची वाट बघत बसू नकोस. भक्कम खुर्चीत बसवून दोघांनी उचलायचं, एकाने पाठीकडून, एकाने पायांकडून. दोघं नसतील तर चादरीवर निजवून सपाटीवरून ओढत न्यायचं. खाली जमिनीलगत धूर कमी असतो, म्हणून तेच बरं.

आणि एक. 2006 च्या महाराष्ट्राच्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अशा इमारतींच्या मालकाला आगीची साधनं चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. मॅनेजरला ते दाखवायला सांग. भिंतीवरच्या लाल सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, तेही बघ. तो तोंड वाकडं करील, करू दे. आपण पैसे मोजतोय आणि सोबत आई आहे, विचारायला अजिबात संकोच करू नकोस.