जुनी गाडी, दूरची वाट

प्रस्तावना

प्रवासवर्णन आपण यापूर्वी वाचले आहे. प्रवासवर्णनात लेखक पाहिलेल्या स्थळांविषयी व आलेल्या अनुभवांविषयी लिहितो. प्रस्तुत पाठ प्रवासाविषयीच आहे. परंतु तो माहितीपर लेख आहे. प्रवासाला निघण्यापूर्वी कोणता विचार करावा, हे त्यात सांगितले आहे. माहितीपर लेखात प्रत्येक सूचनेमागे कारण असावे लागते. कारण कळले म्हणजे सूचना पाठ करावी लागत नाही. पाठ वाचताना कोणत्या विधानामागे कोणते कारण दिले आहे, याकडे आपण लक्ष द्यावे.

मूळ पाठ

पंजाब राज्यातील डेराबस्सी हे गाव चंदीगडहून अंबाल्याकडे जाणाऱ्या महामार्गावर वसलेले आहे. मोहाली जिल्ह्यातील या गावाच्या परिसरात औषधांचे व रसायनांचे अनेक कारखाने आहेत. समजा, नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाने जुनी मारुती जिप्सी विकत घेतली आहे आणि उन्हाळ्याच्या सुटीत तिच्यातून हिमाचल प्रदेशातील स्पीतीच्या खोऱ्यात जाण्याचा बेत आखला आहे. डेराबस्सी समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर उंचीवर आहे. स्पीतीतून मनालीकडे उतरताना लागणारी कुंझुम खिंड ४,५५१ मीटर उंच आहे. एकाच प्रवासात गाडीला आणि माणसांना एवढी उंची गाठायची आहे.

ऑस्ट्रेलियात निर्जन अंतर्भागाला ‘आउटबॅक’ म्हणतात. तेथे जुन्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्या घेऊन लांबच्या प्रवासाला निघण्याची मोठी हौस आहे. आपल्याकडे तसे अफाट सपाट वाळवंट थोडेच. पण मदत दूर असणे ही जी निर्जन रस्त्याची खरी खूण, ती स्पीतीत पुरेपूर आढळते.

प्रथम गाडीविषयी. चार चाकांना जोर देणारी गाडी भारतात रुळली ती जीपमुळे. १९४५ साली लुधियाना येथे ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन झाली. १९४८ साली तिचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असे झाले. याच कंपनीने मुंबईत विलिस जीपचे सुटे भाग जुळवून गाड्या तयार करण्यास आरंभ केला. म्हणजे पंजाब आणि महाराष्ट्र यांचे जीपच्या निमित्तानेही जुने नाते आहे! १९८५ च्या अखेरीस मारुती जिप्सी बाजारात आली. तिचे पहिले इंजिन ९७० घनसेंटिमीटरचे व सुमारे ४५ अश्वशक्तीचे होते. १९९६ मध्ये १.३ लिटरचे इंजिन आले. सैन्यदल, पोलीस व वनखाते यांनी ती मोठ्या प्रमाणावर वापरली. खासगी ग्राहकांसाठी तिची विक्री २०१८-१९ च्या सुमारास थांबली. हलके वजन, पाट्यांची साधी स्प्रिंग आणि गुंतागुंत नसलेली यंत्ररचना यांमुळे आडगावचा मेकॅनिकही ती उघडून पाहू शकतो. जुन्या गाडीचा हा मोठाच गुण म्हणावा लागेल.

मात्र जुन्या गाडीचे वय केवळ किलोमीटरांत मोजून चालत नाही. लोखंड टिकते, रबर टिकत नाही. गाडी वर्षानुवर्षे दारात उभी असली तरी रेडिएटरचे होज पाइप, फॅनबेल्ट, ब्रेकच्या नळ्या व टायर कडक होतात आणि त्यांना चिरा पडतात. टायरवरील नक्षी नव्यासारखी दिसत असूनही टायर दहा वर्षांचा असू शकतो. म्हणून त्याच्या कडेवर कोरलेला निर्मितीचा आठवडा व वर्ष पाहावे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. असे तेल लांबच्या उतारावर तापून उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय दाबूनही ब्रेक लागत नाही. निघण्यापूर्वी हे तेल बदलण्यास फार खर्च येत नाही. उतारावर सतत ब्रेक दाबण्याऐवजी खालचा गिअर टाकून इंजिनाकरवी वेग आवरणे, हा दुसरा उपाय.

कायद्याची बाजूही पाहावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडीची तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते व ते पाच वर्षांसाठी असते. नोंदणी संपलेल्या गाडीला अपघात झाला, तर विम्याच्या भरपाईतही अडचण येऊ शकते.

आता उंचीचा विचार करू. इंजिनाला पेट्रोलइतकीच हवेची गरज असते. उंचावर हवा विरळ होते. कुंझुम खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ५७ टक्के असतो. परिणामी, खाली ४५ अश्वशक्ती देणारे इंजिन तेथे पंचवीस-तीस अश्वशक्तीवर येते. जुन्या जिप्सीत कार्ब्युरेटर असेल, तर आणखी एक गोष्ट घडते. कार्ब्युरेटर पेट्रोलचे प्रमाण मैदानी हवेला धरून ठरवतो. हवा विरळ झाली तरी पेट्रोल फारसे कमी होत नाही. मिश्रण घट्ट होते, धूर काळा येतो, प्लग काजळतात आणि चढावर गाडी धापा टाकू लागते. गाडी बिघडली, असे चालकाला वाटते; वस्तुतः तिला श्वास पुरत नसतो. अशा वेळी गाडीत माणसे व सामान कमी असणे, हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे. छतावर बांधलेले प्रत्येक गाठोडे येथे भारी पडते.

रेडिएटरच्या झाकणाकडे सहसा कोणी पाहत नाही. ४,५०० मीटर उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ८५ अंश सेल्सियसला उकळते. रेडिएटरचे झाकण आतील दाब धरून ठेवते, म्हणून आतील पाणी एवढ्यात उकळत नाही. झाकणातील रबर झिजले असेल, तर मैदानात कधीही न तापणारी गाडी खिंडीच्या चढावर वाफ सोडू लागते. नवे झाकण स्वस्त मिळते. रेडिएटरमध्ये केवळ पाणी न घालता न गोठणारे द्रावण घालावे, कारण रात्री तेथे पारा शून्याखाली जातो.

‘फोर बाय फोर’ या शब्दाचेही अनेकांना उगाच आकर्षण असते. जिप्सीत चारही चाकांना जोर देण्याची सोय वेगळ्या दांड्याने जोडावी लागते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती जोडू नये. वळणावर पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. रस्ता घट्ट असल्याने चाकांना घसरण्यास वाव मिळत नाही आणि ताण गिअरच्या दातांवर येतो. चिखल, बर्फ, सैल दगड किंवा नाला आला, की मात्र तिचा उपयोग करावा. चार चाकांना जोर मिळाल्याने गाडी पुढे सरकते. ती थांबवण्यास मात्र त्याचा काही उपयोग होत नाही.

पाठगत प्रश्न : ‘लोखंड टिकते, रबर टिकत नाही’ हे विधान लेखात कशासाठी आले आहे? गाडी ‘धापा टाकते’ असे म्हणण्यात कोणता अलंकार साधला आहे? उत्तर वहीत लिहून मगच पुढे वाचा.

मार्ग कोणता निवडावा? डेराबस्सीहून स्पीतीला जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मनालीवरून. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगची चढण टळली आहे. परंतु कुंझुम खिंड त्यापुढेच लागते आणि बर्फामुळे ती वर्षातील बरेच महिने बंद असते. दुसरा मार्ग झिरकपूर, परवाणू, सोलन, सिमला, नारकंडा, रामपूर असा किन्नौर जिल्ह्यातून जातो. १८५० मध्ये लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत ज्याचे काम सुरू झाले, तो हिंदुस्थान-तिबेट मार्ग तो हाच. सिमल्यापर्यंत सुमारे १२०, तेथून रेकाँग पिओपर्यंत सुमारे २३० आणि पुढे काझापर्यंत सुमारे २०० किलोमीटर अंतर आहे. हा मार्ग लांबचा असला तरी जाताना तोच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची चढण हळूहळू होते. कल्पा (सुमारे २,९६० मीटर), नाको (सुमारे ३,६६० मीटर) अशा ठिकाणी एकेक-दोन रात्री मुक्काम करता येतो आणि शरीराला विरळ हवेची सवय होते.

या सवयीला पर्याय नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे ही लक्षणे दिसली, तर आणखी वर जाऊ नये. लक्षणे वाढली तर खाली उतरावे. मनालीवरून एकाच दिवसात काझाला पोहोचलेला माणूस आजारी पडला, तर आल्या वाटेने परतताना त्याला आधी कुंझुम चढून जावे लागते. किन्नौरच्या वाटेने उतार मिळतो. मार्गनिवडीचे हे कारण नकाशावर दिसत नाही.

किन्नौरचा रस्ताही निर्धोक नाही. २००५ च्या जूनमध्ये तिबेटातील पारेछू नदीवर दरड कोसळून बनलेला तलाव फुटला आणि स्पीती व सतलज यांच्या पुरात पूल व रस्ते वाहून गेले. ११ ऑगस्ट २०२१ रोजी निगुलसरी येथे डोंगर घसरून धावती बस व इतर वाहने गाडली गेली. त्या दुर्घटनेत २८ जणांचा मृत्यू झाला. नाकोजवळचा मलिंग नाला तर दरडींसाठी प्रसिद्धच आहे. पावसाळ्यात जाणे टाळावे. नाला ओलांडायचा असेल तर सकाळी लवकर ओलांडावा. उन्हाने बर्फ वितळून दुपारी पाणी वाढते. नाल्यातून बाहेर पडल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून कोरडे करावेत.

इंधनाचा हिशेब कागदावर मांडावा. रेकाँग पिओखालील पोवारी येथे पेट्रोल पंप आहे, त्यानंतरचा भरवशाचा पंप काझाला. जिप्सीची टाकी ४० लिटरची. चढावर व खालच्या गिअरमध्ये लिटरला आठ किलोमीटर धरले, तर २०० किलोमीटरांना २५ लिटर लागतात. काझाहून मनालीपर्यंतच्या सुमारे २०० किलोमीटरांत पंप नाही, असे समजूनच टाकी भरावी. जादा पेट्रोल प्लॅस्टिकच्या कॅनमधून गाडीच्या आत नेणे जिवावर बेतू शकते.

सामानात सुटे फॅनबेल्ट, होज पाइप, प्लग, पाने, टोचनाचा दोर, हवा भरण्याचा पंप आणि सुस्थितीतील स्टेपनी हवीच. ‘स्टेपनी’ हा शब्द आपण इतक्या सहजतेने वापरतो, की तो मराठीच वाटतो. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून हे नाव पडले. तेथे १९०४ च्या सुमारास जादा चाक बनवण्यास सुरुवात झाली. ब्रिटनमध्ये शब्द विसरला गेला. भारतात तो आजही ट्रकवाल्यांच्या तोंडी आहे.

आणि गाडी बंद पडलीच तर? १९६३ च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातील बर्ड्सव्हिल मार्गावर एका कुटुंबातील पाच जण वाट चुकले. पेट्रोल संपले. त्यांनी गाडी सोडली आणि पाण्याअभावी सर्वांचा मृत्यू झाला. शोध घेणाऱ्याला वाळवंटात माणूस दिसत नाही, गाडी दिसते. स्पीतीत उष्णतेऐवजी थंडीशी गाठ असते. पण गाडीचा आडोसा सोडू नये, हा नियम तेथेही लागू पडतो. २०२३ च्या जुलैमध्ये अवेळी झालेल्या बर्फवृष्टीने चंद्रताल येथे अडीचशेहून अधिक प्रवासी अडकले होते. रस्त्यावरील बर्फ हटवून त्यांना बाहेर काढेपर्यंत ते तंबूंच्या छावणीत थांबून राहिले. जादा अन्न, पाणी व पांघरुणे गाडीत असावीत ती यासाठीच. मोबाइलला लांबलांबपर्यंत संपर्क मिळत नाही, म्हणून पुढच्या मुक्कामाचे ठिकाण व पोहोचण्याची वेळ मागे कोणाला तरी सांगून निघावे.

स्वाध्याय

१. डेराबस्सीचे कुटुंब काझाहून निघून लोसर या शेवटच्या गावी दुपारी दोन वाजता पोहोचले आहे. कुंझुमवर ढग उतरले आहेत. आजोबांचे सकाळपासून डोके दुखते आहे. खिंड अवघी १९ किलोमीटर दूर आहे. परत फिरल्यास किन्नौरमार्गे घर सहाशे किलोमीटरांहून दूर आणि परवा कामावर हजर व्हायचे आहे. गाडी चालवणाऱ्या मुलाने आजोबांना काय सांगावे व का, ते संवादरूपाने लिहा.

२. ‘जिवावर बेतणे’, ‘गाठ असणे’, ‘भारी पडणे’ हे वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यांत वापरा.

३. आपल्या परिसरातील एखाद्या गॅरेजला भेट द्या. तेथे वापरले जाणारे दहा शब्द ऐकून जसे उच्चारले जातात तसे लिहा आणि त्यांतील कोणत्या शब्दांना मराठी पर्याय प्रत्यक्ष बोलण्यात आहेत, ते तेथील कारागिरांना विचारा.