स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स टाकावं का?

प्रश्न : मुलीच्या लॅपटॉपमध्ये विंडोज १०, ४ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज आहे. 'जागा संपली'ची लाल पट्टी हटतच नाही. लिनक्स टाकू का?

उत्तर : टाकाच. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला किमान ६४ जीबी लागतात, आणि तुमची ईएमएमसी स्टोरेज चिप बहुधा मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असणार. म्हणजे तो रस्ता बंद. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती २० जीबीत बसते. पण आधी पेनड्राइव्हवरून नुसतीच चालवून बघा. वायफाय, आवाज, टचपॅड तपासा. स्वस्त मशिनात रुसतं ते बहुतेकदा वायफायच! सगळं नीट चाललं तर फोटो, प्रोजेक्ट दुसरीकडे काढून ठेवा आणि मगच इन्स्टॉल करा. डिस्क कोरी होते. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंग्जमध्येच मिळेल.