स्वभावाला औषध असते का?

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आमच्या सोयगावकडे घरोघर ऐकू येते. ती बहुधा बायकांनाच ऐकवली जाते. घरचा कर्ता पुरुष तापट असला, भरले ताट भिरकावत असला, तर "त्यांचा स्वभावच तसा, तू सांभाळून घे" असे सुनेला सांगतात. म्हणजे दुखणे एकाचे आणि पथ्य दुसऱ्याने पाळायचे! आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. माणूस बदलतो का, हा प्रश्न मला केवळ परीक्षेपुरता वाटत नाही. ख्रिस्ती धर्माने त्याला दिलेले उत्तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या जीवनावरून पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

प्रथम मूळ विचार पाहू. लूकच्या शुभवर्तमानात यरीहोच्या जक्कय नावाच्या जकातदाराची कथा आहे. लोकांना नाडून तो श्रीमंत झालेला. येशू कोणतीही अट न घालता त्याच्या घरी उतरतो. या प्रेमाने जक्कय हलतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ करतो आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे कबूल करतो. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्वीकार, मग सुधारणा. आणि सुधारणा म्हणजे नुसते अश्रू नव्हेत, तर झालेल्या नुकसानीची भरपाई. वाल्या कोळी आणि अंगुलिमाल यांच्या कथा आपल्याकडेही आहेत. तेव्हा ही आशा एकाच धर्माची नाही. मात्र माणूस केवळ स्वतःच्या बळावर नव्हे, तर देवाच्या कृपेने बदलतो, यावर ख्रिस्ती धर्माचा विशेष भर आहे.

आता टिळकांकडे वळू. त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात झाला. वडील अतिशय रागीट होते आणि तोच संताप मुलातही उतरला. त्यांचे भडकणे, न सांगता घरातून निघून जाणे, हे सारे पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आडपडदा न ठेवता सांगितले आहे. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतर टिळकांचा राग नाहीसा झाला काय? नाही. लक्ष्मीबाईंच्या लेखणीतले टिळक पुढेही चटकन संतापतात. पण त्या उतावळ्या वृत्तीला वेगळी दिशा मिळाली. घराचे दार अनाथ मुलांसाठी उघडले. धर्मांतरामुळे पत्नी काही वर्षे दूर राहिली; तिच्यावर त्यांनी नव्या धर्माची सक्ती केली नाही. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात स्थान दिले.

याहून मोठा बदल मला लक्ष्मीबाईंचा वाटतो. कडक सोवळे पाळणाऱ्या या बाईंनी जातिभेद माणसानेच निर्माण केला आहे, हे स्वतः विचार करून ओळखले आणि तो टाकला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. माणसाला विटाळ मानणे हाही एक घातक स्वभावच, आणि तो तर सगळ्या समाजाचा!

यावरून मला दोन गोष्टी समजल्या. श्रद्धा स्वभाव एका रात्रीत पुसून टाकत नाही. ती माणसाला रोज स्वतःशी झगडण्याचे बळ देते. दुसरी गोष्ट अशी की, देवाने क्षमा केली म्हणून घरच्यांचे देणे फिटत नाही. जक्कयने हिशेब चुकता करायचे ठरवले, ते ज्यांना लुबाडले त्यांच्याशीच. आपण बदललो, हे ज्याने त्रास दिला त्याने जाहीर करायचे नसते. ते ज्यांनी सोसले त्यांनी सांगायचे असते, आणि त्यांना हवा तेवढा वेळ घेऊन.

म्हणून पुढे कोणी सुनेला ती म्हण ऐकवली, तर तिने नम्रपणे एवढेच विचारावे, "औषध आहे की नाही ते नंतर पाहू, पण ज्याचे दुखणे, त्याने ते घ्यायला नको का?"